चिनाई, पक्षी छाप

पानाला चाळीस रुपये, असं ठरलं.
मोडी वाचायची, बाळबोधीत उतरवायची,
कसरीने खाल्लेल्या जागी टिंबं द्यायची. अंदाज नाही.
रेशीम महाजनांचे अकरा रुमाल
कापडगंजाच्या मागे, माडीवर.
खाली झेरॉक्सचं दुकान. त्याचं भाडं,
हीच आता महाजनांची मिळकत.

चावी देताना सेक्रेटरी बाकळे म्हणाले,
“इतिहास छापायचाय संस्थेचा. चांगलं तेवढं घ्या.”

चांगलं कोपऱ्यात उतरंडीला होतं.
तांब्याची भांडी, कल्हई गेलेली,
काठावर टोचे मारून नावं :
तुळजारामसा, हंडी एक.
नरसूशेट, परात एक.
दानशूर माणसं, असं मी तीन दिवस समजत होते.
चौथ्या दिवशी सातवा रुमाल सुटला.
दंड. रेशमाला पाणी पाजलं म्हणून.

रात्री रांजणाशेजारी लडी टांगायच्या,
सकाळी शेरामागे पाच तोळे वर.
पंच यायचे, लड गालाला लावायचे.
गाल खोटं बोलत नाही, असं कारकून लिहितो
आणि खालच्या ओळीत : घंगाळ एक.
दोन पिढ्यांत पाचशे पान उठेल इतकी भांडी झाली.
अख्ख्या पेठेची लग्नं
त्या चोरट्या पाण्यावर शिजली.

माल चीनचा. मुंबईला उतरायचा,
आधी बैलांच्या पाठीवर घाट चढून, मग रेल्वेने.
गाव कुठलं, कुणालाच ठाऊक नाही.
गठ्ठ्यावर कागद, कागदावर लाल पक्षी.
“चिनाई, पक्षी छाप”, तेवीस वर्षं एवढंच.
तो बगळा की करकोचा
यावर मात्र दोन बैठका झालेल्या.

तिकडेही असंच महाजन होतं म्हणे,
बाकळ्यांनी कुठेतरी वाचलंय.
लबाडी करणाऱ्याला तिथे दंड म्हणून
सगळ्यांना नाटक दाखवावं लागे, पदरच्या पैशाने.
“पुण्यात चाललं असतं,” म्हणाले,
“रोज प्रयोग लागला असता.”

नववा रुमाल. शके सतराशे ब्याण्णव, आश्विन.
ठकू, रहाटावरची, हजर.
(बाकी बायका आकड्यात आहेत :
बायका सात, मजुरी दीड आणा.
ही एकटी नावाने.)
तक्रार : पक्षी छाप लडीत केस निघाला.
काळा, दोन हात लांब,
रेशमाबरोबर पीळ बसलेला.
रहाट अडला, अर्धा दिवस गेला,
मजुरी कापली ती मिळावी.

दिवे लागले तरी पंच बसून.
एक म्हणाला, भेसळ.
एक म्हणाला, वजन करा.
तराजूत घातला, पारडं हललं नाही.
तिकडे कळवायचं?
कुणाला, पक्ष्याला?
शेवटी ठकूलाच विचारलं, तुझं काय म्हणणं.
कारकुनाने तिचं बोलणं जसंच्या तसं घेतलंय,
का, ते लिहिलं नाही :
“वाकून बसणारीचा गळतोच.
माझाही जातो पुढच्या लडीत.
आजवर कुणी आणून दिला नाही.”

निकाल : मजुरी अर्धी द्यावी. केस माफ.

“कुठली केस?” बाकळ्यांनी विचारलं.
मी पान वळवून दाखवलं.
समासात एक काळा धागा टाचलेला,
दोन्ही टोकांना गाठ.
रेशीम, की तो?

“जाळून बघू,” ते म्हणाले,
“वडिलांनी शिकवलंय.
अस्सल रेशीम जळालं की वास येतो तो थेट
केस ज–”
आणि थांबले.
काडी बोटापर्यंत येऊन विझली.
खाली झेरॉक्सचं मशीन कुणाचा तरी सातबारा काढत होतं.

मी त्या जागी टिंबं दिली.
त्या पानाचेही चाळीसच घेतले.